प्लग बसला म्हणजे जमलं

आमच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यात वायरी आहेत. बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची वायर, जळालेल्या मिक्सरची, हरवलेल्या फोनच्या न हरवलेल्या चार्जरची, शेजाऱ्यांनी फेकायला काढलेल्या कूलरची. कुणी वायर टाकून द्यायला निघालं की माझा जीव कासावीस होतो. चौतीस वर्षं मी रेल्वेच्या विजेच्या खात्यात कोचमधले दिवे, पंखे आणि बॅटऱ्या सांभाळल्या. नागपूरच्या अजनीला सुरुवात केली, बदली होऊन जयपूरला आलो, आणि मुलीची शाळा, मग कॉलेज असं करता करता इथेच निवृत्त झालो. नागपूरला परत जायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी राहतं.

"या पेटीतून आजवर एक तरी वायर कामाले आली का जी?" असं बायको दर दिवाळीला झाडताना विचारते.

"येईल," असं मी दर दिवाळीला सांगतो.

तर ती वेळ आली म्हणून मी किती खूश झालो असेन, ते तुम्हीच समजून घ्या.

आमची मुलगी दागिन्यांची डिझाइनं करते. हातात करवत आणि पक्कड घेऊन नव्हे, कॉम्प्युटरवर. चारदीवारीतल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या जयपुरातल्या जव्हेऱ्यांकडे कारीगर अजूनही मांडी घालून मीनाकारी करतात, पण गिऱ्हाइकाला आता हार घडवण्याआधी तो स्क्रीनवर फिरताना बघायचा असतो. खडा कसा चमकेल, पाचूवर उजेड कसा पडेल, सगळं आधी दिसलं पाहिजे. एका कंपनीत चार वर्षं हेच काम करून तिने नोकरी सोडली, आणि पहिलंच स्वतःचं काम मिळवलं. एका जव्हेऱ्याला लग्नाच्या हाराची छोटी फिल्म सोमवारी सकाळी हवी होती. आवडली तर लग्नसराईचं सगळं काम तिलाच मिळणार होतं. नाही तर पुन्हा नोकरी शोधायची होती.

तिच्या जुन्या कॉम्प्युटरला एवढी फिल्म करायला आठवडा लागला असता. म्हणून तिने स्वतःच्या कमाईतून नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. कार्ड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर रेशनकार्ड आलं होतं. आलं ते विटेपेक्षा मोठं आणि तीन पंख्यांचं. बायको कुंकवाची डबी घेऊन धावली, तेव्हा मुलगी ओरडली, "मम्मी, कार्डवर नको! खोक्यावर लाव, खोक्यावर!" खोक्याला कुंकू लागलं, अक्षता पडल्या. ते खोकं अजून आमच्या कपाटावर आहे.

एवढ्या कार्डाला जुना पॉवर सप्लाय पुरणार नव्हता. पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली ती पेटी, जी भिंतीतली वीज घेते आणि ज्याला जेवढी हवी तेवढी वाटते. तो घ्यायला शुक्रवारी आम्ही दोघं सी-स्कीमच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात गेलो. खरं तर ती एकटीच निघाली होती. "विजेचं काम आहे, मी येतो," म्हणून मी चपला घातल्या. निवृत्त झाल्यापासून मला कुणी विजेचं काम सांगितलं नव्हतं. सोसायटीतला मोटरपंप बिघडला तरी लोक फोनवरून माणूस बोलावत. या गोष्टीचं मला वाईट वाटत असे आणि ते मी कुणाला सांगत नसे.

दुकानदार तिशीतला, चष्मेवाला, बोलायला गोड होता. त्याने सप्लाय दाखवला आणि कार्डाचे कागद पाहून म्हणाला, "मॅडम, आपके कार्ड में दो प्लग लगेंगे. इस सप्लाय के साथ केबल एक आती है, आगे से दो मुँह वाली. चल जाएगा. पर अच्छा ये रहेगा कि दोनों प्लग में अलग-अलग केबल जाए."

"अलग-अलगच पाहिजे," मी लगेच म्हटलं. इथे माझी छाती फुगली, कारण हे मला समजत होतं. दोन भार एकाच वायरीवर टाकले की वायर तापते. आयुष्यभर आम्ही तापलेल्या वायरी हाताने चाचपून शोधल्या आहेत. दुकानदाराने माझ्याकडे आदराने पाहिलं. निदान मला तसं वाटलं.

"तो इसी कंपनी की एक और केबल मँगानी पड़ेगी, अंकल जी. दिल्ली से आएगी. मंगल-बुध तक."

मुलीचा चेहरा उतरला. सोमवारी फिल्म द्यायची आणि केबल मंगळवारी येणार. तेव्हा मला पेटी आठवली. मुलीच्या आधीच्या सप्लायच्या दोन जास्तीच्या केबली तिच्यात होत्या, अगदी अशाच काळ्या, जाड, तोंडाला आठ पिनांच्या. मी तसं सांगितलं, तर दुकानदार मान हलवायला लागला. "ना ना अंकल जी, दूसरी कंपनी की मत लगाना."

"प्लग बसत नाही का?" मी विचारलं.

"बैठ तो जाता है..."

"मग झालं तर," मी म्हणालो, आणि त्याचं पुढचं वाक्य काही मी ऐकलं नाही.

आता माझी बाजूही ऐका. रेल्वेत दोन कोचमध्ये वीज नेणारा जो कपलर असतो, तो देशभर एकाच नकाशावरून बनतो. कोच पेरांबूरचा असो की कपूरथळ्याचा, एकाचा दुसऱ्याला लागलाच पाहिजे. लागू नये असं जे असेल, ते मुळात बसतच नाही. खाच वेगळी देतात, खुंटी वेगळी देतात. ज्याने ते बनवलं त्याने विचार करून बनवलं, आपण फक्त बसतंय का ते बघायचं. प्लग बसला म्हणजे जमलं, हे मी किती तरी नव्या पोरांना शिकवलं आहे. त्यामुळे हा चष्मेवाला मला एक जास्तीची केबल विकायला बघतो आहे, याची माझी खात्रीच पटली.

रस्त्यात मुलगी म्हणाली, "पापा, भैया मतलब काही सोचूनच बोलत असेल ना?" तिचं मराठी इथल्या शाळेत वाढलेलं. आम्ही नागपूरचं बोलतो, ती तिचं बोलते, आणि आमचं काही अडत नाही.

"दुकानदार विकायचंच बोलेल," मी म्हटलं. "तू निश्चिंत राहा बाप्पा. विजेचं माझ्यावर सोड."

तिने सोडलं. त्यात तिची चूक नव्हती. लहानपणापासून घरातला प्रत्येक दिवा तिने माझ्याच हाताने लागताना पाहिला होता.

शनिवारी सकाळी ती हाराचे फोटो आणि मापं घ्यायला चारदीवारीत गेली. संध्याकाळपर्यंत मी सगळं बसवून ठेवायचं आणि तिने आल्या आल्या काम सुरू करायचं, असं ठरलं. मी जेवणाचं टेबल रिकामं केलं, जुनी चादर अंथरली, चष्मा पुसला. बायको स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. "काही जाळू नका म्हणजे झालं," म्हणाली. काम करताना मी बोलत नाही.

नवा सप्लाय बसवला. त्याची स्वतःची केबल लावली. मग पेटीतली जुनी केबल घेतली आणि सप्लायच्या दुसऱ्या भोकात सरकवली. खट्! काय सुरेख आवाज होता. माझ्या चेहऱ्यावर हसू आलं. दुकानदार समोर असता तर त्याला ऐकवलं असतं. आता फक्त दोन्ही केबलींची पुढची तोंडं कार्डात खुपसायची आणि बटण दाबायचं राहिलं होतं.

ते मी केलं नाही, आणि का केलं नाही हे सांगायला मला लाज वाटते. काळजी वाटली म्हणून नव्हे. मला मिरवायचं होतं. नोकरीत कोणतीही लाइन सुरू करण्याआधी आम्ही रीडिंग घेऊन रजिस्टरला लिहीत असू. मला वाटलं, एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखावे, नवी केबल आणि जुनी केबल, दोन्हींखाली व्होल्टेज लिहावं आणि तो कागद मुलीसमोर ठेवावा. जमलं तर दुकानदारालाही नेऊन दाखवावा. म्हणून मी पट्टीने रकाने आखले, मीटर काढला, आणि प्लग कार्डात न घालता मोकळेच ठेवून मशीन सुरू केली.

नव्या केबलीच्या प्लगमध्ये जिथे बारा व्होल्ट हवे तिथे मीटरची लाल सुई लावली, परतीच्या पिनेत काळी. बारा पूर्णांक एक. लिहिलं. जुन्या केबलीच्या प्लगमध्ये त्याच जागी त्याच सुया लावल्या. बारा पूर्णांक एक. पण आकड्याच्या आधी एक आडवी रेघ होती.

मला वाटलं, सुया उलट धरल्या. पाहिलं, तर बरोबर धरल्या होत्या. पुन्हा लावल्या. उणे बारा. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावल्या. रेघ काही जाईना. म्हणजे जिथून कार्डात वीज शिरायची तिथे परतीचा रस्ता होता, आणि परतीच्या रस्त्यावर बारा व्होल्ट उभे होते. कार्डाकडचं तोंड सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं. सप्लायकडचं तोंड फक्त दिसायला सारखं, आतली मांडणी ज्याची त्याची. खाच नाही, खुंटी नाही, रंगसुद्धा वेगळे नाहीत, सगळ्या वायरी काळ्या. बटण दाबलं असतं तर मुलीचं कार्ड गेलं असतं. तिची कमाई, सोमवार, लग्नसराई, सगळंच.

मी मशीन बंद केली आणि खुर्चीत बसलो. शितावरून भाताची परीक्षा होते, पण प्लगवरून वायरीची होत नाही, हे मला या वयात कळावं!

मग मी जे केलं ते शहाण्या माणसाने करायचं होतं आणि जे केलं नाही, म्हणजे मुलीला फोन, तेही शहाण्या माणसाने करायचं होतं. जुनी केबल काढून पेटीत टाकली. कागद फाडला. हेल्मेट घालून स्कूटरवर सी-स्कीमला गेलो आणि दुकानदारासमोर उभा राहिलो.

"क्या हुआ अंकल जी?"

"उल्टा निकला," मी म्हणालो.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "कार्ड तो बच गया ना?" बचावलं म्हटल्यावर त्याने तीन-चार फोन लावले. त्याच कंपनीची एक केबल चांदपोलजवळच्या एका दुकानात निघाली. "आप जाके ले आओ, मैंने बोल दिया है." मी निघताना वळून म्हटलं, "मेरी बेटी आए तो ये सब मत बताना." त्याने कानाला हात लावला.

चांदपोलला जायचं म्हणजे चारदीवारीतून जायचं, आणि चारदीवारीत माझी मुलगी. त्या गर्दीत ई-रिक्षांच्या मागे मी हेल्मेटची काच खाली ओढून, खाली मान घालून स्कूटर चालवली. जव्हेऱ्यांची गल्ली आली तेव्हा तर मी श्वासच रोखला होता. साठी उलटलेला माणूस पोटच्या पोरीपासून तोंड लपवत चालला आहे, हे माझं मलाच दिसत होतं आणि हसूही येत होतं. केबल मिळाली. घरी येऊन लावली, रीडिंग घेतलं, दोन्हीकडे बारा पूर्णांक एक. या वेळी आकड्याआधी काही नव्हतं.

संध्याकाळी मुलगी आली. बटण तिने दाबलं. तिन्ही पंखे फिरले, स्क्रीन उजळली, आणि ती आनंदाने उडी मारून म्हणाली, "पापा! तुमची पेटीवाली वायर चालली!"

इथे बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. दोन्ही केबली काळ्याच, तिला काय कळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोसुद्धा पदराला हात पुसत येऊन म्हणाली, "बाप्पा, आली म्हणायची त्या पेटीतली एक वायर कामाले!" तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. ते मला परत करवेना.

रविवारभर कार्ड घूं घूं करत राहिलं आणि सोमवारी सकाळी फिल्म जव्हेऱ्याकडे पोचली. त्याला आवडली. पाचूवरचा उजेड बघून त्याने आपल्या भावाला हाक मारून बोलावलं म्हणे. लग्नसराईचं काम तिला मिळालं. घरी गोड झालं. मुलगी येताजाता मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होती आणि मी चढत होतो. सोसायटीतल्या एकाने मोटरपंपाचा आवाज ऐकायला मला खाली बोलावलं, तेव्हा तर मी त्या झाडाच्या शेंड्यावरच होतो.

गुरुवारी दुपारी मी वर्तमानपत्र वाचत होतो. मुलगी बाहेर जायच्या तयारीत, पलंगाखालून पेटी ओढून काहीतरी शोधत होती. "मिळाली," म्हणाली आणि उभी राहिली. तिच्या हातात त्या दोन जुन्या काळ्या केबलींपैकी एक होती.

"ती कुठे नेतेस?"

"माझी फ्रेंड आहे ना, कंपनीतली. तिने पण सेम सप्लाय घेतला. तिला पण एक केबल कमी पडते. मी बोलले, पापांकडे अजून एक आहे, सेम टू सेम. चेक केलेली."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "ठेव ती."

"का? तुम्हाला लागेल?"

"ती लावलीस तर तिचं कार्ड जळेल. तुझंही जळलं असतं. तुझ्या मशीनमध्ये ती नाहीये. मी शनिवारी दुकानातून दुसरी आणली. मी चुकलो होतो आणि तुला सांगितलं नाही."

एवढं सगळं एका दमात बोललो. थांबलो असतो तर राहिलं असतं. ती केबलीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"मतलब माझं कार्ड..."

"गेलं असतं. बटण दाबायचं बाकी होतं."

"आणि पाच दिवस तुम्ही..." तिचा आवाज चढला. ती माझ्यावर सहसा चिडत नाही, त्या दिवशी चिडली. "पापा, मी सगळ्यांना सांगत सुटलेय! तुमची इतकी तारीफ केली मी!"

"सगळ्यांना म्हणजे किती जणांना?"

"ग्रुपवर टाकलं. डिझाइनर लोकांच्या. चाळीस-पन्नास लोक आहेत. लिहिलं की केबल कमी पडली तर जुन्या सप्लायची लावा, माझे पापा रेल्वेत इलेक्ट्रिकचे होते, ते म्हणाले प्लग बसला मतलब चालतं. आमच्या घरी चालतंय."

आतापर्यंत प्रश्न माझ्या इभ्रतीचा आहे, असं मी समजत होतो. चाळीस-पन्नास घरं, प्रत्येक घरात कुणाच्या तरी कमाईचं कार्ड, आणि प्रत्येकाच्या हातात माझं वाक्य. बायको दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आत्ता लिही," मी मुलीला म्हटलं. "तुझ्या नावाने नको, माझ्या नावाने लिही. मी सांगतो तसं."

ती तशीच उभी राहून हिंदीत टाइप करू लागली आणि मी सांगत गेलो. जुनी केबल लावू नका. प्लग बसतो, पण आतली वीज उलटी असते. मी हिचा बाप, हे मीच सांगितलं होतं आणि ते चूक होतं. माझी मीटर लावायची सवय होती म्हणून आमचं कार्ड वाचलं, तुमचं वाचणार नाही. सप्लायबरोबर आलेली केबल किंवा त्याच कंपनीने त्याच सप्लायसाठी दिलेली, एवढीच लावा. मुलीने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. नोकरीत आम्ही फोनवरचा निरोप असाच वाचून घेत असू. "खाली काय लिहू?" तिने विचारलं. मी म्हटलं, माझं नाव लिही, आणि पुढे हुद्दा. तिने लिहिलं आणि पाठवून दिलं.

मग आम्ही तिघंही त्या फोनकडे बघत उभे राहिलो. मिनिटभर काही आलं नाही. मला वाटलं, आता लोक हसतील, हसू देत. तेवढ्यात फोन वाजला. मुलीने वाचलं आणि मोठ्याने न वाचता फोन माझ्या हातात दिला. कुणा अनोळखी मुलाने लिहिलं होतं, "अंकल, पुरानी केबल लगा दी थी, बस स्विच ऑन करना बाकी था. निकाल रहा हूँ."

मी खुर्चीत बसून ते तीनदा वाचलं.